हवेच्या माथी मारलेले मरण

गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याला तीन नद्यांचा शेजार आहे. वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याला लागून गोदावरीत मिसळते. पलीकडच्या तीरावर कालेश्वर. तिथून खाली काही कोसांवर बस्तरातून आलेली इंद्रावती गोदावरीला भेटते. पावसाळ्यात हे पाणी अथांग असते. एप्रिल-मे उजाडला की त्याच पात्रात काळे खडक वर येतात, वाळूची बेटे पसरतात आणि मधूनमधून नुसती डबकी उरतात.

या पाण्यावरून कापसाने लादलेल्या आगबोटी चालवायच्या, असे एके काळी ठरले होते. त्यासाठी 1860 नंतरची दहाएक वर्षे या नदीत खडक फोडले गेले, बांध घातले गेले, कालवे खणले गेले. मग एके दिवशी सरकारने काम बंद केले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या इतिहासात या प्रकरणाला चार ओळींच्या वर जागा मिळत नाही. मिळते तेव्हाही चर्चा होते ती इंजिनिअरांच्या अंदाजांची आणि वाया गेलेल्या पैशांची. खडक फोडणाऱ्यांचे काय झाले, हा प्रश्न मागे राहतो. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्या काळी त्याला जे उत्तर देण्यात आले तेच या भागात आजही दिले जाते.

कल्पना सर आर्थर कॉटन यांची. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम इथे त्यांनी गोदावरीवर बांध घातला. 1847 ला काम सुरू झाले, 1852 ला पुरे झाले आणि दुष्काळाने पिचलेला गोदावरीचा मुलूख हिरवा झाला. आंध्रात त्यांचे पुतळे आहेत आणि लोक त्यांना आजही हात जोडतात. रेल्वेपेक्षा पाण्याची वाट स्वस्त, असा कॉटन यांचा ठाम विश्वास होता. हिंगणघाटच्या परिसरातला उत्तम कापूस बैलगाडीने मुंबईला नेण्याऐवजी वर्धा, प्राणहिता, गोदावरी या मार्गाने थेट पूर्व किनाऱ्यावर उतरवावा, हे त्यांचे स्वप्न. लँकेशायरच्या गिरणीमालकांना ते पटले. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला, आणि मग तर हिंदुस्थानातल्या कापसाच्या प्रत्येक वाटेला सोन्याचे मोल आले.

राजकीय तजवीज आधीच झाली होती. 1860 च्या तहाने निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचे तालुके इंग्रजांना दिले आणि नदीवरची वाहतूक जकातमुक्त केली. त्या तालुक्यांचा ‘अप्पर गोदावरी’ जिल्हा झाला आणि सिरोंचा त्याचे मुख्य ठाणे. 2 नोव्हेंबर 1861 रोजी मध्य प्रांत अस्तित्वात आला. पुढच्या वर्षी रिचर्ड टेम्पल त्याचे चीफ कमिशनर झाले आणि त्यांनी या नदीकामाचा कैवार घेतला. जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या ग्लासफर्डचे नाव सिरोंचा तालुक्यातले ग्लासफर्डपेठा हे गाव अजून चालवते.

प्रत्यक्ष काम होते मद्रास इंजिनिअर्सच्या एफ. टी. हेग यांच्याकडे. नदीची पाहणी करून त्यांनी तीन मोठे अडथळे नक्की केले होते. पहिला खाली दुम्मागुडेमजवळ, दुसरा इंद्रावतीच्या संगमाजवळ इंचमपल्लीला आणि तिसरा वर प्राणहितेत, अहेरीकडच्या देवलमरीजवळ. म्हणजे तिन्हीतले दोन सिरोंच्याच्या अंगणातले. या ठिकाणी कित्येक मैल नदी खडकांच्या पायऱ्यांवरून आपटत जाते. तिथे आडवा बांध घालायचा, काठाने खडकातून कालवा खोदायचा, त्यात दरवाज्यांची कुंडे बांधायची आणि बोटी टप्प्याटप्प्याने वर चढवायच्या किंवा खाली उतरवायच्या, असा बेत.

डायनामाइट तेव्हा निघाले नव्हते. त्याचे पेटंट 1867 चे. तोवर खडक फोडण्याचे साधन म्हणजे पहार, घण आणि काळी बारूद. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने तिच्यावर घण घालायचा, दर घावाला पहार थोडी फिरवायची. हातभर भोक पडले की बारूद ठासायची, वात लावायची आणि पळायचे. दगडाच्या धुरळ्याने ज्या रोगात फुप्फुसे दगडासारखी होतात त्याला आपण आज सिलिकोसिस म्हणतो. पण या नदीत मजुराला धुरळा किंवा सुरुंग गाठण्याच्या आधीच ताप गाठत होता.

कामाचे आणि तापाचे वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून पाहिले की गोष्ट उलगडते. जूनपासून नदी भरलेली. पात्रात उतरणे अशक्य. पूर ओसरला की, म्हणजे दिवाळीच्या आसपास, काम सुरू करायचे आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत रेटायचे. हिवतापाचा जोर नेमका याच ओसरत्या पावसाळ्यात. नदी मागे सरताना खडकांच्या खळग्यांत स्वच्छ, उथळ, उन्हाने कोमट झालेले पाणी ठेवून जाते. ॲनोफिलिस क्युलिसिफेसिस जातीच्या डासाला अंडी घालायला याहून चांगली जागा नाही. त्यात बांधकामाने भर घातली. भरावासाठी माती काढलेले खड्डे, अर्धवट कालव्यात तुंबलेले पाणी, सुरुंगाने पाडलेली भोके. डोंगरातून येणाऱ्या झऱ्यांच्या काठी ॲनोफिलिस फ्लुव्हिअॅटिलिस होताच. नदीकाठच्या रानात ताप पिढ्यान्‌पिढ्या होता; इथला गोंड, कोया माणूस लहानपणी त्यातून तरला तर मोठेपणी त्याच्या अंगात थोडाफार तग धरण्याची ताकद आलेली असे. पण इथे वस्ती अगदी विरळ. हजारो हात लागणारे काम स्थानिकांच्या बळावर होणारे नव्हते. मजूर बाहेरून आणावे लागत. त्यांच्या रक्ताला या तापाची ओळख नव्हती. दिवसभर खळग्यांच्या पाण्यात उभे राहायचे, रात्री त्याच पाण्याच्या काठी पाल्याच्या झोपड्यांत दाटीवाटीने झोपायचे, आणि ज्याच्या अंगात ताप आहे तो ज्याच्या अंगात नाही त्याच्या शेजारी. डासाला लांब उडत जायची गरजच नव्हती.

त्या कामाच्या सरकारी लिखाणात ताप, पटकी आणि मजुरांची टंचाई हे तीन विषय पुनःपुन्हा भेटतात. तिन्ही जणू वेगवेगळ्या अडचणी आहेत अशा थाटात ते येतात. खरे तर ती एकच अडचण होती. तापाने माणसे पडत, उरलेली घाबरून रातोरात गाव गाठत आणि तिथे शेजाऱ्यांना सांगत, तिकडे जाऊ नका. टंचाई माणसांची नव्हती. त्या मजुरीवर जीव द्यायला तयार असलेल्या माणसांची होती.

पटकीचेही तसेच. लंडनच्या जॉन स्नो यांनी 1854 मध्येच दाखवले होते की पटकी दूषित पाण्यातून पसरते. पण ते मत सर्वमान्य व्हायला फार वर्षे गेली. रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात ओळखला तो 1884 साली. नदीकामाच्या काळात काठच्या छावणीत शौचाची, पिण्याची आणि भांडी घासण्याची जागा एकच होती.

आणि औषध? सिंकोनाच्या सालीपासून काढलेले क्विनीन तापावर चालते हे ठाऊक होते. पण क्लेमंट्स मार्कहॅम यांनी दक्षिण अमेरिकेतून आणलेली सिंकोनाची रोपे निलगिरीत लागली तीच 1860-61 च्या सुमारास. झाडे मोठी होऊन भरपूर साल निघेपर्यंत नदीकाम गुंडाळलेही गेले होते. मधल्या काळात क्विनीन महाग होते आणि ते साहेबांच्या पेटीत असे.

त्या काळच्या डॉक्टरांचे मत काय होते? ताप येतो तो दूषित हवेमुळे. दलदलीतून, कुजलेल्या पाल्यातून, जंगलातून विषारी वाफ निघते आणि ती अंगात भिनते. मलेरिया या नावाचाच मूळ अर्थ वाईट हवा. रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला तो 20 ऑगस्ट 1897 रोजी, सिकंदराबादेत. सिरोंच्यापासून अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरवर, पण नदीकाम बंद पडल्यावर पाव शतकाने. त्यामुळे 1860 च्या दशकातल्या इंजिनिअरांना डासाचे ज्ञान नव्हते म्हणून दोष देण्यात अर्थ नाही. मी तो देत नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. ‘इथली हवा वाईट’ या निदानाची एक मोठी सोय होती. हवा कुणाच्या मालकीची नसते. हवेला कुणी कामावर लावत नाही, कुणी तिची मजुरी ठरवत नाही. तापाचा दोष हवेवर गेला की छावणी कुठे उभारली, माणसे किती दाटीने झोपवली, त्यांना खायला काय मिळाले, आजारी पडल्यावर मजुरी चालू राहिली की कापली गेली, यांतला एकही प्रश्न विचारावा लागत नाही. ज्यांनी माणसांना तिथे आणले त्यांच्या हातून काही घडलेच नाही, सगळे मुलखाच्या स्वभावाने घडले, असा त्याचा अर्थ होतो. डास सापडल्यावरही ही सोय सुटली नाही, यावरून ती किती प्रिय होती ते कळते.

सह्याद्रीत त्याच सुमारास बोरघाटाचे रेल्वेकाम चालू होते. मजुरांची संख्या एका वेळी चाळीस हजारांच्या घरात पोचली होती आणि पटकी तिथेही होती. तिथला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजारपणाने वारला. पुढे त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट निभावून नेले. ती बाई खरोखर खंबीर होती, तिची गोष्ट सांगावी अशीच आहे. पण त्याच डोंगरात आजाराने मेलेल्या मजुरांची गोष्ट सांगायची तर नाव कुणाचे घ्यायचे? गोदावरीवर हेग, टेम्पल, ग्लासफर्ड उरले. पहार धरणारा उरला नाही.

1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोचली. वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस मुंबईकडे धावू लागला. अमेरिकेतले युद्ध दोन वर्षांपूर्वीच संपले होते. वर्षातले काही महिनेच पाणी देणाऱ्या नदीतून बोटी चढवण्याचा हिशेब आता कुणालाच जुळेना. अखेर 1871 मध्ये हिंदुस्थान सरकारने काम थांबवले. पहिल्या अडथळ्यापाशी, दुम्मागुडेमला, बांध आणि कुंडे बरीचशी उभी राहिली होती; वरची दोन ठिकाणे अर्धवट सुटली. 1874 मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याची तहसील झाली. कॉटन यांना 1878 मध्ये लंडनमध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे आपल्या कालव्यांचा कैवार घ्यावा लागला. रेल्वे बरी की पाणी बरे, हा तिथला मोठा वाद होता.

नदी सुटली, जंगल राहिले. 1865 आणि 1878 च्या वनकायद्यांनी आलापल्ली-सिरोंच्याचा साग सरकारच्या मालकीचा झाला. लाकूड कापून त्याचे तराफे प्राणहिता-गोदावरीतून राजमहेंद्रीपर्यंत वाहत नेले जात. पुढे बांबू आला. 1945 मध्ये बल्लारपूरला कागद गिरणी स्थापन झाली आणि या जिल्ह्यांतला बांबू कागदाच्या लगद्यात जाऊ लागला. बांबूतोड्यांचे टोळके पावसाळा संपता संपता रानात शिरे आणि महिनोन्‌महिने तिथेच पालात राही. कुऱ्हाड निसटून नडगीवर बसणे, बांबूच्या कुसळाने हात पिकणे, साप, अस्वल आणि पुन्हा तोच ताप. कामाच्या हंगामाची सुरुवात आणि तापाचा जोर यांची जुनी गाठ काही सुटली नाही. मालक बदलले, झोपायची जागा नाल्याकाठचीच राहिली.

तोवर वाईट हवेचा सिद्धान्त मोडीत निघाला होता. इतकेच नव्हे, बंगालच्या उत्तरेकडील डुआर्सच्या चहामळ्यांत हिवतापाचा तपास करणाऱ्या ख्रिस्तोफर्स आणि बेंटली या दोघा डॉक्टरांनी 1909 ते 1911 या काळात एक मोठी बाब पुढे मांडली होती. उष्ण मुलखात मजुरांना बाहेरून आणून, अपुऱ्या अन्नावर, दाटीने, सतत बदलत्या माणसांच्या छावण्यांत ठेवले की तिथे तापाची साथ माणूसच तयार करतो, असे त्यांचे म्हणणे. डास कारण आहे, पण डासाच्या हाती हत्यार देते ती मजुरांची मांडणी. सरकारी सेवेतल्या डॉक्टरांनी हे लिहिले, ही मोठी गोष्ट. गोदावरीच्या छावण्या त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हत्या, पण वर्णन तंतोतंत तिथले आहे.

1923 मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला. त्याच्या जोडपत्रात, पुढच्या दुरुस्त्यांसह, कोणकोणत्या कामांवरचा माणूस ‘कामगार’ समजायचा याची यादी होती. झाडे तोडणारे त्यात होते, नदीतून लाकूड वाहून नेणारे होते, वणवा विझवणारे होते, रानटी हत्ती पकडणारेसुद्धा होते. सिरोंच्याच्या माणसाला आपली अर्धी हयात त्या यादीत दिसावी. पण कायद्याचा उंबरठा ओलांडायचा तर आधी मालक दाखवावा लागे. जंगल सरकारचे, ठेका ठेकेदाराचा, टोळी मुकादमाची, आणि पैसे कोणी दिले याचा कागद नाही. बहुतेकांची वाट तिथेच खुंटली.

देशात 1953 मध्ये हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीच्या फवाऱ्याने गावोगावचा ताप नाहीसा झाला, आणि मग 1970 च्या दशकात तो परत उसळला. 1976 मध्ये देशभरात चौसष्ट लाखांवर रुग्णांची नोंद झाली. पुढे तोही जोर ओसरला. महाराष्ट्रातले बहुतेक जिल्हे हिवताप जवळजवळ विसरले. गडचिरोली विसरू शकली नाही. राज्यातल्या रुग्णांचा मोठा वाटा अजून याच जिल्ह्यातून येतो. घरात मच्छरदाणी देता येते, भिंतीवर फवारणी करता येते. पण ज्याचे काम त्याला पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर झोपायला लावते, त्याच्यासाठी भिंत कुठली?

1969 मध्ये राज्याने तेंदूपत्त्याचा व्यापार कायद्याने आपल्या हाती घेतला आणि घटकांचे, म्हणजे पाने गोळा करायच्या जंगलपट्ट्यांचे, लिलाव सुरू झाले. मे महिन्याचे दोन-तीन आठवडे हा सिरोंचा, अहेरी, भामरागड, एटापल्लीतल्या घराघराचा रोख पैशाचा काळ. फाल्गुन-चैत्रात खुटकटाई (छाटणी) करून ठेवलेल्या झुडपांना कोवळा, लालसर पाला फुटतो. तो हाताएवढा झाला की खुडायचा. बायका पहाटे चारला निघतात. खांद्याला पाण्याची बाटली, तुंब्यात आंबील, कमरेला फडके. झुडूप गुडघ्याएवढे, म्हणून चार-पाच तास वाकूनच चालायचे. पाने ओटीत साठली की फडक्यात बांधून डोक्यावर घ्यायची. दुपारी घरी अख्खे कुटुंब बसून सत्तर पानांचा एक पुडा बांधते. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेण्याच्या जागी, रांग लागते. मुन्शी पुडे मोजतो, एखादा कच्चा म्हणून बाजूला टाकतो, वहीत आकडा लिहितो. हजार पुड्यांची एक गोणी. पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेलेला असतो. अशा उन्हात मेहनत करणाऱ्या शरीरातून तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि तिच्या बाटलीत दोन लिटर पाणी असते.

या पानांच्या दरावरूनच 1980 नंतरचा इथला सगळा रक्तरंजित इतिहास सुरू झाला. गोदावरी ओलांडून आलेल्या नक्षलवादी दलांनी आधी हात घातला तो तेंदू आणि बांबूच्या मजुरीला. शोषण खरे होते, म्हणून लोकांनी त्यांचे ऐकले. दर वाढले. मग ठेकेदारांकडून वसुली, खबऱ्या ठरवून केलेल्या हत्या, सुरुंग आणि त्यात मेलेले पोलीस आणि आदिवासी. चाळीस वर्षे त्यात गेली. माझ्या मते त्या सगळ्या झगड्यात एक प्रश्न कुणाच्याच यादीवर वर आला नाही. पुड्याला किती, हे सगळ्यांनी विचारले. पुडा बांधणारीच्या जिवाचे काय, हे ना सरकारने विचारले, ना ठेकेदाराने, ना बंदूकवाल्याने.

तिच्या मरणाची नोंद कशी होते ते पाहा. 10 मे 2025 रोजी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपाने खुडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाने मारल्या. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर राज्य सरकार कुटुंबाला 25 लाख रुपये देते. ते द्यायलाच हवेत. पण ते मिळतात वाघाचा बळी म्हणून, कामगार म्हणून नव्हे. त्याच रानात, त्याच सकाळी, तेच काम करताना एखादी उन्हाने कोसळली तर तिच्या मृत्यूला कामावरचा मृत्यू म्हणायला कुणी पुढे येत नाही. साप चावला तर शेतकरी अपघात योजनेत मदत आहे. त्यासाठी घरात सातबारा लागतो, आणि पाने खुडायला जाणाऱ्या कितीतरी घरांत तो नाही. वाघ म्हणजे रान, ऊन म्हणजे उन्हाळा, साप म्हणजे नशीब. 1865 मध्ये जी हवा होती तिची ही आजची नावे आहेत.

तेंदूच्या आधी मिरची. जानेवारी ते एप्रिल गडचिरोली आणि चंद्रपूरच्या गावांतून माणसांचे लोंढे तेलंगणात मिरची तोडायला जातात. सिरोंच्याची भाषाच निम्मी तेलुगू, त्यामुळे नदीपार जाणे इथे परगावी जाणे वाटत नाही. दिवसभर लाल मिरची हाताळून रात्री हात आगीत धरल्यासारखे होतात, तान्ह्या लेकराला जवळ घ्यायची चोरी होते, खोकला महिनाभर जात नाही. 2020 च्या टाळेबंदीत हे मजूर तिकडे अडकले आणि जंगलवाटेने पायी निघाले. इंद्रावतीपलीकडच्या बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची एक मुलगी अशीच मिरचीच्या कामावरून परतताना घरापासून थोड्या अंतरावर मरण पावली. त्या वेळी देशाने हळहळ व्यक्त केली. मिरचीच्या शेतात ती बारा वर्षांची असताना काय करत होती, हा प्रश्न मात्र हळहळीत बुडाला. 23 जानेवारी 2024 ला चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटून सहा बायका बुडाल्या. त्याही मिरची तोडायलाच निघाल्या होत्या. बातम्यांत ती नाव दुर्घटना होती.

ती कामावरची दुर्घटना होती की नाही, याला आता कायद्यात थोडी जागा झाली आहे. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी 2003 मध्ये पहाटेच्या पाळीला जाताना कारखान्यापासून काही किलोमीटर अलीकडे अपघातात गेला. त्याच्या घरच्यांनी बावीस वर्षे दावा लढवला. 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घरून कामावर जातानाचा अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामावरचाच अपघात आहे. त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे तत्त्व लेखी आले. पण त्या पहारेकऱ्याला कारखाना होता. गेटावर पाटी होती, हजेरीपट होता. नावेतल्या बायकांना ते कुठून आणायचे?

तेंदूच्या बाबतीत मात्र एक गोष्ट बदलली आहे आणि ती लहान नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. 2013 पासून पेसा या आदिवासी स्वशासनाच्या कायद्याच्या आणि वनहक्क कायद्याच्या आधाराने गडचिरोलीतल्या ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. ठेकेदाराशी करार आता ग्रामसभा करते आणि दर तीच ठरवते. कधी भाव आभाळाला भिडतो, कधी कोसळतो, कधी ठेकेदार पैसे बुडवतो, त्या भानगडी आहेत. पण दीडशे वर्षांत पहिल्यांदा कामाच्या अटी लिहिणारा हात आणि पान खुडणारा हात एकाच गावातला आहे.

म्हणून गाठ तिथेच सोडवता येईल. करारात गोणीचा दर असतो, उचलीची तारीख असते, हप्ते असतात. त्यात हंगामापुरता अपघात आणि मृत्यूचा विमा ठेकेदाराच्या खर्चाने, फळीगणिक पाणी आणि क्षारसंजीवनीची पाकिटे, मुक्कामी मजुराला मच्छरदाणी, प्राथमिक आरोग्य केंद्रात हंगामापूर्वी सर्पदंशावरचे प्रतिविष आणि तापाची तपासणी किट पोचल्याची खातरजमा, आणि मुन्शीच्या वहीत पुड्यांच्या आकड्याशेजारी खुडणारीचे नाव, तारीख आणि तिने कोणत्या रानात काम केले याची नोंद, एवढे लिहायला ग्रामसभेला कुणाची परवानगी लागत नाही. ती शेवटची नोंद तर फुकट होते. उद्या कुणी कोर्टाची पायरी चढली तर मालक कोण, काम कोणते, दिवस कोणता, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका वहीत असतील. लिलावाच्या बैठका उन्हाळ्याआधी भरतात. हा मुद्दा तिथे मांडण्याची वेळ तीच.